कन्स्ट्रक्टरचा वारसा

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये उपवर्गाला मूळ वर्गाचे गुणधर्म आणि कृती वारशाने मिळतात. ऑब्जेक्ट उभा करणारा कन्स्ट्रक्टर मात्र अनेक भाषांत मिळत नाही. उपवर्गाने घातलेल्या नव्या घटकांची मूळ कन्स्ट्रक्टरला कल्पना नसते, म्हणून तो पुरा पडत नाही.

ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी घडवलेल्या ‘सिम्युला ६७’मध्ये वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता. वर्गालाच पॅरामीटर असत आणि ऑब्जेक्ट तयार होताना वर्गातील विधाने चालत. उपवर्गाच्या यादीत मूळ वर्गाचे पॅरामीटर आपोआप आधी येत. विधानेही मूळ वर्गाचीच आधी चालत.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’चे काम सुरू केले. तिचीच पुढे सी प्लस प्लस झाली. आधी मूळ भाग, मग उपवर्ग हा क्रम तिथे टिकला, पण पॅरामीटर आपोआप पोहोचवण्याची सोय राहिली नाही. उपवर्गाने काही सांगितले नाही, तर कंपायलर मूळ वर्गाचा विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर शोधतो. वर्गात एकही कन्स्ट्रक्टर लिहिलेला नसेल, तर असा कन्स्ट्रक्टर कंपायलरच पुरवतो. एखादा लिहिला की ही सोय बंद होते. ‘खाते’ या वर्गात खातेक्रमांक मागणारा एकच कन्स्ट्रक्टर नंतर घातला, तर तोवर बिनतक्रार चालणारा ‘बचत खाते’ हा उपवर्ग कंपाइल होत नाही. बदल मूळ वर्गात झालेला असला, तरी एरर उपवर्गावर दिसते.

१९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने हाच नियम घेतला. मूळ कन्स्ट्रक्टरला ‘सुपर’ने हाक मारायची आणि ती पहिल्याच ओळीत, असे तिचे बंधन होते. त्यामुळे आलेली मूल्ये आधी तपासून घेणे अवघड जाई. २०२५ च्या जावा २५ ने हे बंधन सैल केले.

१९९५ मध्येच आलेल्या डेल्फीत कन्स्ट्रक्टर वारशाने मिळतो आणि मूळ कन्स्ट्रक्टरला हाक मारण्याची सक्ती नसते. सी प्लस प्लसच्या २०११ च्या प्रमाणानेही ‘युझिंग’ लिहून मूळ कन्स्ट्रक्टर घेण्याची मुभा दिली. मात्र उपवर्गातील नव्या घटकांना सुरुवातीचे मूल्य देण्याची जबाबदारी प्रोग्रामरचीच राहते. ती राहून गेल्यास कंपायलर अडवेलच असे नाही. चूक प्रोग्राम चालताना उघड होते.