अ‍ॅस्परजिलोसिस, आक्रमक फुप्फुसीय

रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस वंशाची बुरशी रुजून ऊतींत व रक्तवाहिन्यांत शिरते, तेव्हा होणारा गंभीर आजार. उपचार न मिळाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. दमेकऱ्यांना याच बुरशीमुळे होणारा अ‍ॅलर्जीचा विकार आणि क्षयाने पडलेल्या जुन्या पोकळीत तयार होणारा बुरशीचा गोळा हे आजार यापेक्षा वेगळे आहेत.

कारक व संसर्ग : बहुतेक रुग्णांत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही जाती सापडते, भारतात अ‍ॅस्परजिलस फ्लेवसही बऱ्याच प्रमाणात आढळते. माती, कुजणारा पालापाचोळा, कंपोस्ट, ओलसर धान्य आणि बांधकामाची धूळ यांत या बुरशीचे बीजाणू असतात. ते सुमारे २ ते ३ मायक्रोमीटर आकाराचे असल्याने श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. प्रत्येक माणूस ते रोज श्वासावाटे आत घेतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

विकृती : निरोगी फुप्फुसात मॅक्रोफेज पेशी बीजाणू गिळून टाकतात आणि त्यांतून सुटून अंकुरलेल्या तंतूंना न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मारतात. ही संरक्षणाची फळी कोसळली की तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदतात. आत रक्त गोठते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो मृत होतो आणि रक्तस्राव होतो. रक्तावाटे संसर्ग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो.

धोका : रक्तातील न्यूट्रोफिलची संख्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली जाऊन दहा दिवसांहून अधिक तशीच राहिली, तर धोका फार वाढतो. म्हणून तीव्र रक्तकर्करोगावर केमोथेरपी घेणारे आणि दात्याकडून अस्थिमज्जा घेतलेले रुग्ण सर्वाधिक जोखमीत असतात. फुप्फुसाचे प्रत्यारोपण, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइडे आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा जन्मजात विकार ही इतर प्रमुख कारणे होत. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या इन्फ्ल्यूएन्झा व कोविड-१९ च्या रुग्णांतही हा आजार आढळला आहे.

लक्षणे : प्रतिजैविके देऊनही न उतरणारा ताप, कोरडा खोकला, श्वास घेताना छातीत टोचणे, धाप आणि थुंकीतून रक्त पडणे. मात्र दाह निर्माण करणाऱ्या पेशीच कमी असल्याने लक्षणे पुष्कळदा सौम्य राहतात. स्टेरॉइडे घेणाऱ्याला ताप येईलच असे नाही आणि सुरुवातीचा एक्स-रेही निर्दोष दिसू शकतो. त्यामुळे जोखमीच्या रुग्णात किरकोळ तक्रारीचीही दखल घेणे अत्यावश्यक आहे.

निदान : छातीचा सीटी स्कॅन लवकर करतात. न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णात गाठीभोवती धूसर वलय दिसणे हा आरंभीचा महत्त्वाचा संकेत होय. पुढे पेशी पूर्ववत होऊ लागल्या की गाठीत चंद्रकोरीच्या आकाराची हवा दिसते. गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीच्या भित्तिकेचा घटक रक्तात किंवा ब्राँकोस्कोपीने फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात शोधतात. ऊतीच्या तुकड्यात आडपडदे असलेले व सुमारे ४५ अंशांत फाटे फुटणारे तंतू दिसतात. म्युकरमायकोसिस या दुसऱ्या बुरशीजन्य रोगातील तंतू रुंद असून त्यांत आडपडदे तुरळक असतात. हा भेद जाणणे गरजेचे आहे, कारण दोन्हींची औषधे वेगळी आहेत.

उपचार : संशय बळावताच, अंतिम पुराव्याची वाट न पाहता औषध सुरू करतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनाझोल घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के, तर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी घेणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्ण जिवंत होते. तेव्हापासून व्होरिकोनाझोल हे प्रथम पसंतीचे औषध ठरले. आयसाव्युकोनाझोल व लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे पर्याय आहेत. उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतात. शक्य तेथे स्टेरॉइडांची मात्रा घटवतात. व्होरिकोनाझोल म्युकरमायकोसिसवर चालत नाही. शेतीत त्याच गटातील बुरशीनाशके वापरल्याने औषधाला न जुमानणारे फ्युमिगेटसचे वाण पसरत आहेत, ही गंभीर चिंतेची बाब आहे.

प्रतिबंध : अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्यांत हेपा गाळण्यांतून गाळलेली हवा खेळवतात. रुग्णालयात बांधकाम चालू असताना धूळ अडवणे महत्त्वाचे असते. अतिजोखमीच्या रुग्णांना पोसॅकोनाझोल आधीपासून देतात. अशा रुग्णांनी कुंड्यांची माती, कंपोस्ट व धूळ यांपासून दूर राहावे.

इतिहास : अ‍ॅस्परजिलस वंशाचे वर्णन इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अंतोनियो मिकेली यांनी १७२९ मध्ये केले. रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये माणसाच्या फुप्फुसातील संसर्गाची सूक्ष्मदर्शकीय वर्णने दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केमोथेरपी व अवयवप्रत्यारोपण रूढ झाल्यावर रुग्णसंख्या वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या प्राधान्ययादीत फ्युमिगेटसला सर्वाधिक गंभीर गटात ठेवले.

भारतातील स्थिती : २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसमुळे बुरशीजन्य रोगांकडे महाराष्ट्रासह देशभर लक्ष वेधले गेले. अ‍ॅस्परजिलोसिसबाबत येथे मोठी अडचण क्षयाशी असलेल्या साम्याची आहे. खोकला, ताप, थुंकीतले रक्त आणि फुप्फुसातील पोकळी दोन्हींत आढळतात. बुरशीचा संशय न घेता क्षयाची औषधे सुरू झाली, तर मोलाचे आठवडे वाया जातात. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिन व्होरिकोनाझोलची रक्तातील पातळी इतकी घटवते, की ही दोन्ही औषधे एकत्र देता येत नाहीत. म्हणून जोखमीच्या रुग्णात थुंकीच्या क्षयतपासणीबरोबरच बुरशीची तपासणीही सुरुवातीलाच व्हायला हवी.