मागं ठेवलेलं बी

आमच्या घरात भिंतीवर कॅलेंडर लागलं ते फार उशिरा. तोवर पावसाळ्याचा हिशेब आजीच्या बोटांवर असायचा. रोहिणी, मिरग, आडदरा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, आणि आजीनं त्या प्रत्येक मुक्कामाला एकेक काम नेमून दिलेलं होतं. 7 जूनच्या आसपास मिरग निघायचा, त्याआधी वखरपाळी उरकलेली पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटी हत्ती, म्हणजे हस्त. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी.

आमचं गाव बदनापूर तालुक्यात, दुधनेच्या काठाला. उन्हाळ्यात आजी कावळ्याचं घरटं बघायची. आंब्यावर असलं तर पाऊस बरा, बाभळीवर असलं तर तिचा चेहरा उतरायचा. पुढं मारुती चितमपल्लींच्या लिखाणात हेच वाचलं तेव्हा आजीच भेटल्यासारखं वाटलं.

बहात्तर साली मी दहा वर्षांचा होतो. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. आदल्या वर्षीही पावसानं ओढ दिलेली, आणि त्या वर्षी तर मिरग कोरडाच गेला. आजी आणि माय खडी फोडायला जायच्या. घरात मिलोच्या लाल भाकरी, आम्हा पोरांच्या हातात सुकडी. तरीही कणगीच्या मागं बाजरी-मुगाचं एक गाठोडं होतं, त्याला आजीनं कुणाला हात लावू दिला नाही. म्हणायची, "मिरगावर भरवसा ठेवावा लेकरा, पण समदं बी त्याच्या पदरात घालू न्हाई." पुढच्या साली आमची पेरणी त्याच गाठोड्यावर झाली.

मी शिकलो, शेती हातात घेतली, आणि हे गाठोडं विसरलो. नक्षत्रं तेवढी लक्षात राहिली. 2012 साली मिरगाच्या एका सरीवर सगळ्या रानात कपाशी लावून मोकळा झालो. कपाशीत तुरीचं एक तासही सोडलं नाही. पाऊस गेला तो गेलाच. उसनवारी करून दुबार लागवड केली, तीही करपली. मोसंबीला टँकरनं पाणी घातलं. 2013 च्या उन्हाळ्यात टँकरही परवडेना, तेव्हा पंधरा वर्षं सांभाळलेली दोनशे झाडं कुऱ्हाडीनं तोडली. आमचे दादा बांधावर बसून होते. म्हणाले, "बहात्तरला दाणा नव्हता, पण आडात पाणी होतं. औंदा दाणा हाये, पाणी न्हाई." मधल्या चाळीस वर्षांत आम्ही बोअर घेत घेत जमिनीच्या पोटातलं पाणी संपवलं होतं. पावसाचा दोष अर्धाच होता.

त्याच दुष्काळात आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा जगल्या. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं त्या गावानं नव्वदीच्या दशकातच बांधबंदिस्ती, पाणलोटाची कामं केली. पुढं शेततळी झाली. मी बघायला गेलो तेव्हा आजीचं गाठोडं आठवलं. त्यांनी पाणी मागं ठेवलं होतं.

दादा शेवटच्या काही वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचे. "मिरग ठरल्या दिवशी निघतो, पाऊसच पत्ता चुकलाय." शास्त्रज्ञ सांगतात, हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून खंड लांबतात आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी गहू-हरभरा झोपवला. 2025 च्या सप्टेंबरात उत्तरा-हत्तीच्या दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्या हत्तीची आम्ही ज्वारीसाठी वाट बघायचो, त्याच्या दिवसांत उभं सोयाबीन पाण्यात सडलं.

लोक म्हणतात, नक्षत्रं आता खोटी पडली. मला तसं वाटत नाही. कोणत्या तेरा दिवसांत काय व्हायला हवं होतं हे दादांना पाठ होतं, म्हणून तर काय बिघडलंय ते त्यांना बोट ठेवून सांगता आलं. आणि आजीला आभाळाची भाषा येत होती, तरी ती आभाळाच्या शब्दावर बी ठेवत नव्हती. मी तिचा अंदाज तेवढा उचलला, सावधपणा सोडला.

आता पर्जन्यमापक लावलाय. कॅलेंडरवर दर नक्षत्राखाली पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहितो. कपाशीत तूर असते, तीही बदनापूरच्या संशोधन केंद्राची लवकर येणारी बीडीएन-711. मुलगा मोबाइलवर हवामान बघतो, तेही विचारात घेतो. परवा पेरणी उरकल्यावर त्यानं विचारलं, "दादा, ह्या दोन थैल्या तशाच कशाला ठेवल्या?"

म्हटलं, "असू दे. मिरग अजून सरला नाही."