ठळक अक्षरांमागे काय दडलंय?

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘मॅन’ आणि पुढे एखाद्या कमांडचं नाव टाकलं की तिचं माहितीपान उघडतं. ते वाचणं सोपं व्हावं म्हणून बरेच जण त्याचं एचटीएमएल करून घेतात. तुम्हीही करून बघा. पान छान दिसतं, पण त्यातली कमांड कॉपी करून टर्मिनलवर चिकटवली की कधीकधी चालतच नाही! घोळ असतो ऑप्शनच्या आधीच्या आडव्या रेघेत. आपल्याला ते वजाचं चिन्ह वाटतं. प्रत्यक्षात तिथे छपाईतलं संयोगचिन्ह आलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, कंप्युटरला मात्र वेगळी.

आता कमांडच्या पुस्तिकेत छपाईचं चिन्ह आलं कुठून? तर बेल लॅब्समधून. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना युनिक्ससाठी मोठं मशीन हवं होतं, आणि नुसत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पैसे मिळेनात. मग मजकूर मांडून देणारी यंत्रणा बनवतो, असं सांगून पीडीपी-११ पदरात पाडून घेतलं गेलं. पहिलं गिऱ्हाईक कंपनीचंच पेटंट खातं. म्हणजे युनिक्स वाढलं ते टायपिस्ट लोकांच्या कामावर! (मला हा किस्सा फार आवडतो.) युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. मांडणीचा प्रोग्रॅम होता रॉफ; त्याचा पूर्वज म्हणजे जेरोम सॉल्टझर यांनी एमआयटीत १९६४ साली लिहिलेला रनऑफ.

पुढे जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटरसाठी ट्रॉफ लिहिला. त्यात साधी रेघ म्हणजे संयोगचिन्ह. वजा हवं असेल तर आधी उलटी तिरपी रेघ द्यायची. पण टर्मिनलवर दोन्ही एकसारखीच उमटायची, त्यामुळे पानं लिहिणारे बिनधास्त साधी रेघ देत राहिले. युनिकोड आलं आणि ही जुनी चूक उघडी पडली. डेबियनने तर शेवटी कंटाळून टर्मिनलपुरती दोन्ही चिन्हं एकच करून टाकली.

रेघेचं एक वेळ निभावून नेता येतं. खरी अडचण पुढे आहे. १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून पानं ज्या ‘मॅन’ मॅक्रोंत लिहिली गेली, ते फक्त दिसण्याबद्दल बोलतात: हा शब्द ठळक, तो तिरपा. ठळक शब्द कमांडचं नाव आहे, ऑप्शन आहे, की उगाच जोर दिलाय? लिहिणाऱ्याला माहीत होतं, फाइलीत मात्र त्याची नोंद नाही. बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी ‘एमडॉक’ मॅक्रो केले, त्यात हा ऑप्शन, हे आर्ग्युमेंट असं स्पष्ट सांगता येतं. बीएसडीवाल्यांनी ते उचलले. लिनक्सची बहुतेक पानं जुन्याच वळणावर राहिली.

त्यामुळे अशा पानाचं नीट रूपांतर करायचं म्हणजे अंदाज बांधणं आलं. एरिक रेमंड यांचा डॉकलिफ्टर हेच करतो. वरच्या ‘सिनॉप्सिस’ भागात चौकटी कंसात काय आहे, रेघेने काय सुरू होतंय, हे बघून खाली तोच शब्द आला की त्याला ओळखायचं. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथला लेखक कधीकधी हयात असतो आणि ईमेलला उत्तरही देतो.