सहानुभूतीपासून हक्कापर्यंत : हाँगकाँगमधील भारतीय आणि ब्रिटनची आश्वासने

19 डिसेंबर 1984 रोजी ब्रिटन व चीन यांनी केलेल्या संयुक्त घोषणेनुसार 1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग चीनच्या स्वाधीन होणार हे ठरले, तेव्हा तेथील चिनी वंशाच्या रहिवाशांना चीन आपलेच नागरिक मानणार होता. परंतु कित्येक पिढ्या तेथे नांदलेल्या सिंधी, पारशी, शीख आदी भारतीय कुटुंबांचे काय, हा प्रश्न मोकळाच राहिला. हा समाज उपरा नव्हता. मुंबईहून गेलेले होरमसजी मोदी यांच्या देणगीतून तर हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली होती. 1981 च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने वसाहतीतील प्रजाजनांना 'परावलंबी प्रदेशांचे नागरिक' असा वेगळा दर्जा दिला होता, त्यात ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. त्याऐवजी 1987 पासून मिळू लागलेला 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' हा दर्जा तर मुलाबाळांकडे वारसाने जाणाराही नव्हता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे, ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले होते त्यांना हक्काने परतण्याची वाटही उरली नव्हती.

अशा काही हजार लोकांसाठी 1986 मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत आश्वासन दिले, त्याचा मथितार्थ असा की, त्यांच्यावर हाँगकाँग सोडण्याची वेळ आली आणि त्यांना दुसरीकडे थारा नसला, तर त्या वेळचे सरकार त्यांच्या प्रवेशाचा विचार विशेष सहानुभूतीने करील. या वाक्यातील कर्ता भविष्यातले सरकार होता आणि क्रियापद विचार करण्याचे होते, म्हणून ते ऐकणाऱ्यांना पुरेसे वाटले नाही, यात नवल नाही. केनियातील भारतीयांचा अनुभव त्यांच्यापुढे होता : 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट कायम ठेवले, ते ब्रिटनमध्ये येऊ लागताच 1968 मध्ये संसदेने अवघ्या काही दिवसांत कायदा करून, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यामार्फत ब्रिटनशी नाते नसलेल्या पासपोर्टधारकांचा मुक्त प्रवेश बंद केला. जिथे हातातला पासपोर्टही पुरला नाही, तिथे सहानुभूती कितपत पुरणार?

पुढे 1990 च्या ब्रिटिश कायद्याने हाँगकाँगमधील 50,000 कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या जोडीदारांना व अल्पवयीन मुलांना पूर्ण नागरिकत्व देऊ केले. पण त्यांची निवड मुख्यतः व्यवसाय, शिक्षण आणि उपयुक्तता यांच्या गुणांवर होती, निराधारपणावर नव्हे. शेजारच्या मकावमध्ये पोर्तुगालने अनेक रहिवाशांना पूर्ण नागरिकत्व दिले होते, आणि पोर्तुगाल युरोपीय समुदायात असल्यामुळे मकावचा पोर्तुगीज नागरिक ब्रिटनमध्ये वास्तव्य करू शके, हाँगकाँगचा ब्रिटिश प्रजाजन मात्र नाही, ही विसंगती लपण्यासारखी नव्हती.

मार्च 1996 मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी हाँगकाँगमध्ये आश्वासनाला हमीचे रूप दिले; तरी हमीसाठीही आधी 'हाँगकाँग सोडण्याचा दबाव' सिद्ध व्हायला हवा होता. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील सदस्यांनी लावून धरलेल्या, या लोकांना नागरिकत्व देण्याच्या मागणीला 4 फेब्रुवारी 1997 रोजी सरकारने मान्यता दिली आणि हस्तांतरणास जेमतेम साडेतीन महिने असताना, मार्चमध्ये, कायदा संमत झाला. त्याने नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क दिला, त्यामुळे कोणत्याही मंत्र्याची मर्जी लागेनाशी झाली. अट मात्र अशी की, अर्जदार त्या 4 फेब्रुवारीपूर्वी हाँगकाँगचा सामान्य रहिवासी असावा आणि ब्रिटिश दर्जा वगळता त्याच्याकडे दुसरे कोणतेही नागरिकत्व नसावे. म्हणजे आपण भारतीय नागरिक नाही, हे आता भारतीय वंशाच्या अर्जदारालाच दाखवून द्यावे लागे.