चुंबकाची दुसरी खेळी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या. चुंबकत्व एका दिशेला असले तर शून्य, उलट्या दिशेला असले तर एक. 40 बिटांचे 2048 शब्द तिच्यात मावत, म्हणजे बिटागणिक एक धरले तर 81,920 कडी! वीज गेली तरी कड्यातले चुंबकत्व जागच्या जागी राही.

1970 मध्ये इंटेलची '1103' ही चिप आली आणि कड्यांचे दिवस भरले. चिप लहान, स्वस्त. पण तिच्यातला विद्युतभार सारखा गळतो. याच जातीच्या आजच्या चिप-स्मृतीला, म्हणजे डीरॅमलाही, साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. संगणक नुसता बसून असला तरी या भरण्यात वीज जळतेच.

चुंबकाला पुन्हा मैदानात आणले ते 1988 च्या सुमारास दोन प्रयोगशाळांनी. पॅरिसजवळ ऑर्से इथे आल्बेर फेर आणि जर्मनीत यूलिशला पीटर ग्रूनबर्ग, दोघेही लोखंड आणि क्रोमियमचे नॅनोमीटर जाडीचे थर एकमेकांवर चढवत होते. लोखंडाच्या थरांचे चुंबकत्व एका दिशेला वळले की एका जातीच्या स्पिनचे (म्हणजे अंगच्या चुंबकी दिशेचे) इलेक्ट्रॉन फारसे न अडखळता पार होतात आणि विद्युतरोध घटतो. फेर यांच्याकडे 4.2 केल्विनला तो जवळजवळ निम्म्यावर आला. ग्रूनबर्ग यांचा फरक जेमतेम दीड टक्का, पण खोलीच्या तापमानाला. आणि पेटंटसाठी धाव त्यांनीच घेतली.

बाजारात हे आणायला आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन लागले. महागड्या यंत्रांऐवजी स्पटरिंगच्या सोप्या पद्धतीने त्यांनी असंख्य थर-जोड्या तपासल्या. 1997 मध्ये आयबीएमची 16.8 गिगाबाइटची हार्ड डिस्क या तत्त्वावरचे वाचन-हेड घेऊन आली. 2007 चे नोबेल मात्र फेर आणि ग्रूनबर्ग या दोघांनाच. तिसरी जागा रिकामी असूनही पार्किन बाहेर राहिले, हे खटकतेच.

स्मृतीसाठी वाट काढली 1995 मध्ये एमआयटीचे जगदीश मूडेरा आणि जपानमधले तेरुनोबू मियाझाकी यांनी. दोन चुंबकीय थरांमधल्या पातळ निरोधकातून इलेक्ट्रॉन निसटतात आणि त्यांचे प्रमाणही चुंबकत्वाच्या दिशेवर ठरते, हे त्यांनी खोलीच्या तापमानाला दाखवले. 2006 मध्ये फ्रीस्केलने 4 मेगाबिटची एमरॅम, म्हणजे या तत्त्वावरची चुंबकी स्मृती, विकायला काढली. तीत बिट उलटवायला तारेतून भरपूर प्रवाह सोडावा लागे. पुढच्या पिढीत एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉनच थराचे चुंबकत्व वळवू लागले, तेव्हा तो खर्च उतरला. तरीही लिहिताना अजून डीरॅमहून जास्त ऊर्जा जाते आणि क्षमताही तोकडी पडते. डीरॅमची सद्दी इतक्यात संपत नाही.