परिचारिकेच्या मनावरचे ओझे

लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयापुढे १९५० नंतरच्या दशकात दिसावयास अगदी साधी अशी एक अडचण उभी राहिली. शिकाऊ परिचारिकांना केव्हा कोणत्या वॉर्डात पाठवावे, याचे वेळापत्रक काही केल्या जमेना. वॉर्डांना काम करणारे हात हवे होते, मुलींना शिक्षण हवे होते. या दोन्ही गरजा एकाच तक्त्यात बसविता बसविता वरिष्ठ परिचारिका थकून गेल्या आणि एक दिवस ही सारी व्यवस्थाच कोलमडेल, अशी धास्ती त्यांना वाटू लागली. अखेर त्यांनी टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संस्थेचे साहाय्य मागितले. तेथून ज्या विदुषी आल्या त्यांचे नाव इझाबेल मेंझीज. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या. अर्थशास्त्र व मानसशास्त्र यांचे शिक्षण घेऊन त्या मनोविश्लेषणाकडे वळल्या होत्या.

त्या रुग्णालयात सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण शिकलेल्या दीडशेच्या आसपास, बाकीच्या साऱ्या विद्यार्थिनी. म्हणजे ज्या शिकण्यासाठी आल्या होत्या, त्यांच्याच खांद्यावर रुग्णालयाचा गाडा चालला होता. शाळेचा उंबरठा नुकताच ओलांडलेल्या मुली त्या. वेदना आणि मरण यांची इतकी जवळून ओळख त्यांतल्या किती जणींना झालेली असणार? मेंझीजबाईंनी त्यांच्याशी एकेकटीने आणि गटागटाने बोलावयास आरंभ केला, तेव्हा वेळापत्रकाचा प्रश्न मागे पडला. मुलींच्या आणि त्यांच्या वरिष्ठांच्याही बोलण्यातून जे वर येऊ लागले ते होते भय, अपराधीपणा आणि मनाचा कोंडमारा. सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपखुषीने जात होत्या. सोडून जाणाऱ्यांत चांगल्या विद्यार्थिनींची संख्या लक्षणीय होती, ही त्यातली अधिक बोचणारी गोष्ट.

या दुःखाचे मूळ कामातच होते. परक्या माणसाचे उघडे शरीर, जखमांची दुर्गंधी, अखेरचा श्वास, नातेवाइकांचा आक्रोश, आणि क्वचित त्यांचा रोषही. हे सारे रोज पाहावयाचे. रोग्याविषयी करुणा वाटते, माया वाटते, तशीच किळस आणि चीडही वाटते. आणि ती वाटली म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटते. मेलनी क्लाइन यांच्या विचारांचा मेंझीजबाईंवर प्रभाव होता. लहानपणी मनात खोल दडलेली भये अशा प्रसंगी पुन्हा जागी होतात, असे त्या मानीत. हे मत कोणास पटो वा न पटो, त्यांनी पुढे जे टिपले ते मात्र मनोविश्लेषण न मानणाऱ्यासही नाकारता येणार नाही.

त्यांना असे दिसले की, रुग्णालयाच्या कामाची सारी मांडणीच या भावनांपासून पळ काढण्यासाठी झाली आहे. एका परिचारिकेकडे एक रोगी सोपविलेला नसे; तिच्याकडे कामांची यादी असे. एकीने वॉर्डभर ताप पाहत जावयाचे, दुसरीने भांडी द्यावयाची, तिसरीने आणखी काही. त्यामुळे कोणाही एका माणसाशी फार काळ संबंध येत नसे. थोडा जिव्हाळा जडतो न जडतो तोच बदलीचा हुकूम येई, आणि तोही पुष्कळदा अचानक. रोग्याचा उल्लेख नावाने न होता ‘दहाव्या खाटेवरचे यकृत’ अशा रीतीने होई. चांगली परिचारिका कोठेही पाठविली तरी कुरकुर करीत नाही, तिला कोणाचा लळा लागत नाही, अशी समजूत रूढ होती. बारीकसारीक कामेही ठरलेल्या रीतीनेच व्हावयास हवीत, स्वतःची बुद्धी चालवावयाची नाही. आणि निर्णय म्हटला की तो वरच्या वरच्या पायरीकडे सरकत जावयाचा. प्रत्येक वरिष्ठेला कनिष्ठ मुली बेजबाबदार वाटत आणि मुलींना वरिष्ठा निष्ठुर वाटत. खाजगी बोलण्यात मात्र याच वरिष्ठा मुलींच्या दुःखाविषयी हळवेपणाने बोलत. आपलेही दिवस त्या विसरल्या नव्हत्या.

या शिस्तीला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये शाळा निघाली, त्या वेळी परिचारिकेच्या धंद्याला समाजात पत नव्हती. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतील मद्यपी सेरी गॅम्प ज्यांना माहीत असेल, त्यांना कडक गणवेश आणि कडक नियम यांची त्या काळी केवढी गरज होती हे सांगावे लागणार नाही. आपल्याकडील मेट्रन, सिस्टर, स्टाफ नर्स ही उतरंडही तिकडूनच आली. (फरक इतकाच की, तिकडे ‘सिस्टर’ हा वॉर्डप्रमुखाचा मान होता, आपल्याकडे रोगी प्रत्येकीलाच सिस्टर म्हणून हाक मारतो.) परंतु बेशिस्तीवर योजलेले औषध दुःखावर लागू पडत नाही.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मेंझीजबाईंनी काढलेला निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. ही तटबंदी भीतीला थोडा वेळ थोपविते, पण नाहीशी करीत नाही. उलट नवी भीती निर्माण करते. उद्या कोठे पाठवतील या काळजीने मुलगी आजच अस्वस्थ होते. आणि ज्या समाधानासाठी ती या व्यवसायात आली, म्हणजे एक माणूस आपल्या हातून बरा होऊन घरी जाताना पाहणे, तेच तिच्यापासून हिरावले जाते. स्वतः त्या रुग्णालयाने मात्र फारसे मूलगामी बदल केले नाहीत. तटबंदी पाडावयाची म्हणजे तिच्याआड दडलेल्या भीतीला आधी सामोरे जावे लागते.

१९६४ मध्ये रेजिनल्ड रेव्हन्स यांनी इंग्लंडमधील रुग्णालयांचा अभ्यास करून दाखविले की, जेथे वरिष्ठ व कनिष्ठ एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, तेथे परिचारिका टिकतात आणि रोगीही लवकर घरी जातात. पुढे अमेरिकेत आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये, मनात काहीही असले तरी चेहरा हसरा ठेवणे हेही श्रमच होत, असे विमानातील सेविकांच्या उदाहरणाने मांडले, आणि १९९२ मध्ये पॅम स्मिथ यांनी तोच विचार परिचारिकांना लावला. दरम्यान १९९० मध्ये सॅलोव्ही व मेयर यांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना विशद केली. गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकाने ती घरोघर पोचविली. आपल्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे व त्यांना योग्य वळण लावणे, असा तिचा अर्थ. परिचारिकेला हा गुण उपयोगी पडेल यात शंका नाही. पण त्याचे वर्ग भरवून, सात-आठ खाटांऐवजी तीस खाटा एकीच्याच माथी मारल्या, तर दुःखाचा दोष पुन्हा त्या मुलीच्याच पदरात पडतो. ती खचली म्हणजे तिची बुद्धिमत्ता अपुरी ठरते! मेंझीजबाईंनी बोट ठेवले होते ते व्यवस्थेवर.

त्यांनी स्वतः ते करूनही पाहिले. १९७० नंतरच्या दशकात स्टॅनमोर येथील रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमध्ये, हाडांच्या विकारांमुळे दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या लहान मुलांच्या विभागात त्या काम करू लागल्या. तेथे कामांच्या याद्या मोडून प्रत्येक मूल एकेका परिचारिकेकडे सोपविण्यात आले. न्हाऊ घालणे, भरविणे, शस्त्रक्रियेच्या वेळी जवळ असणे, आईशी बोलणे, हे सारे शक्यतो तिनेच करावयाचे. ती रजेवर असेल तेव्हा कोण येणार, हे मुलाला आधी कळावे. मूल आईसाठी रडू लागले, तर ‘विसरेल थोड्या वेळाने’ म्हणून पाठ फिरवावयाची नाही, त्याचे रडणे ऐकून घ्यावयाचे. आणि ते ऐकून जिचे मन भरून येई, तिलाही आपल्या वरिष्ठेजवळ बसून बोलावयास जागा असे. मूल बरे होऊन घरी निघाले म्हणजे निरोप देण्यास तीच परिचारिका दारापर्यंत जाई.