कुष्ठजंतूंचा ‘आयसीआरसी’ वाण : एक पाठचिकित्सा

ताम्रपट, सनदा, बखरी आणि पोथ्या यांच्या शोधास वाहिलेल्या या त्रैमासिकांत पेशी आणि जंतु यांची चर्चा पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु विचाराधीन प्रश्न आपल्या नेहमींच्या परिचयाचा आहे. एखादा पाठ कोणी, केव्हां आणि कोणत्या प्रतीवरून घेतला, आणि पुढें त्यास जें नांव मिळालें तें मूळचें कीं मागाहून चिकटलेलें, हाच तो प्रश्न होय. कै. डॉ. कमल जयसिंग रणदिवे (१९१७–२००१) यांच्यावर जे गौरवपर लेख प्रसिद्ध होतात त्यांत दोन विधानें वारंवार आढळतात. एक, त्यांनीं कुष्ठरोगाचा जंतु प्रयोगशाळेंत वाढविला. दुसरें, त्यांनीं कुष्ठरोगावरील लस शोधून काढली. माझ्या मतें हीं दोन्ही विधानें जशींच्या तशीं स्वीकारण्याजोगीं नाहींत. त्यामुळें बाईंचें श्रेय उणें होतें असें मात्र नाहीं. तें दुसऱ्या ठिकाणीं आहे, आणि तें ठिकाण दाखवावें एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांविषयीं थोडें लिहितों. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याची ही खोड वाचकांनीं सहन करावी. सजीवांचीं शरीरें ज्या सूक्ष्म घटकांनीं बनलेलीं आहेत त्यांस मराठींत ‘पेशी’ म्हणतात, हिंदींत ‘कोशिका’. सुश्रुताच्या शारीरस्थानांत असें सांगितलें आहे कीं, दुसऱ्या महिन्यांत गर्भ घट्ट होऊं लागतो तेव्हां तो पिंडाकार असेल तर पुरुष, पेशीच्या आकाराचा असेल तर स्त्री आणि अर्बुदाच्या आकाराचा असेल तर नपुंसक समजावा. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत ‘अर्बुद’ हा शब्द हळूहळू वाढणाऱ्या, न पिकणाऱ्या मांसल गांठीस लावला असून, पहिल्या अर्बुदावर उपजणाऱ्या दुसऱ्यास ‘अध्यर्बुद’ असें स्वतंत्र नांव दिलें आहे. गर्भाची वाढ आणि गांठीची वाढ यांस एकच शब्द लागावा हा योगायोग असो वा निरीक्षण असो, डॉ. रणदिवे यांच्या विद्येचा विषय नेमका या दोहोंच्या सीमेवरचा होता. पेशी कोठपर्यंत मर्यादेनें वाढते आणि कोठून अमर्याद वाढूं लागते, हा तो विषय.

त्यांचें माहेरचें नांव कमल समर्थ. वडील दिनेश दत्तात्रेय समर्थ हे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीचें शिक्षण हुजूरपागेंत व नंतर फर्ग्युसनमध्यें झालें. पुढें शेतकी कॉलेजांतून १९४३ सालीं त्या एम्.एस्सी. झाल्या तेव्हां त्यांचा विशेष विषय सीताफळ-रामफळाच्या कुळांतील वनस्पतींची पेशी-आनुवंशिकी हा होता. आमच्या वाणगांवच्या वाड्यांतून चिकूच्या सोबतीस रामफळाचें एखादें झाड बहुधा असतें. त्याच्या फांदीकडे पाहून यापुढचा मार्ग परळच्या कर्करोग-रुग्णालयाकडे जातो असें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. १९३९ सालीं गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या, आणि १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं काम करूं लागल्या.

खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. परंतु त्यांची दृष्टि आपल्यापैकीं एखाद्या रूढिसंग्राहकास शोभेल अशी होती. १९४५ सालीं त्यांनीं व श्रीमती सूर्याबाई यांनीं मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, भारतीयांच्या चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले आहेत. धोतर वर्षानुवर्षें कमरेस एकाच जागीं आवळल्यानें तेथील त्वचेस होणारा एक; तंबाखू व चुना मळून ओठाआड धरणारांच्या खालच्या ओठास होणारा दुसरा; आणि चुट्ट्याचें पेटतें टोंक तोंडाच्या आंत धरून धूर ओढण्याची जी आंध्र किनाऱ्यावरील चाल आहे तीमुळें टाळूस होणारा तिसरा. पोशाख आणि व्यसनें यांचा इतिहास लिहूं इच्छिणारानें हा निबंध अवश्य वाचावा. खानोलकरांचा दुसरा आवडता विषय कुष्ठरोग. या रोगाचे जंतु अगदीं आरंभींच मज्जातंतूंचा आश्रय करतात हें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें त्यांनीं बारकाईनें दाखविलें. कर्करोगाच्या प्रयोगशाळेंत कुष्ठजंतूंचें काम कां व्हावें, या शंकेचें उत्तर येथें मिळतें.

मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. १९४९ सालीं मिळाल्यावर खानोलकरांच्याच प्रोत्साहनानें बाई बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेंत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकण्यास गेल्या. ही विद्या थोडक्यांत अशी. शरीरांतून काढलेला मांसाचा कण कांचेच्या नळींत ठेवावयाचा; त्यास कोंबडीच्या रक्तांतील द्रव, गर्भाचा अर्क आणि नाळेच्या रक्तांतील द्रव असा आहार द्यावयाचा; शरीराइतकी ऊब राखावयाची; आणि अशा नळ्या बसविलेलें पिंप अहोरात्र अगदीं मंद गतीनें फिरतें ठेवावयाचें, म्हणजे पेशींस अन्न आणि हवा आळीपाळीनें मिळतात. फिरत्या पिंपाची युक्ति गाय यांचीच. १९५१ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी वाढूं लागल्या, त्या आजतागायत जगभर वाढत आहेत. ती स्त्री त्याच वर्षीं वारली, आणि तिची वा तिच्या घरच्यांची अनुमति कोणी विचारली नव्हती.

पेशींनीं एक नळी भरली कीं त्यांतील अंश दुसऱ्या नळींत, ती भरली कीं तिसऱ्या नळींत, असा हा क्रम चालतो. ही नक्कलच होय, आणि नकलेचे सर्व दोष येथें आहेत. चिठ्ठी चुकते, एक प्रत दुसरींत मिसळते, बलिष्ठ पाठ दुर्बळ पाठास गिळून टाकतो. १९६६ सालीं स्टॅनली गार्टलर या आनुवंशशास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, निरनिराळ्या नांवांनीं प्रचलित असलेले अठरा पेशीवंश हे वस्तुतः लॅक्सबाईंच्याच पेशी आहेत. ज्यांनीं त्यांवर वर्षानुवर्षें निबंध लिहिले त्यांची स्थिति काय झाली असेल, हें प्रक्षिप्त अध्यायावर प्रस्तावना लिहून बसलेल्या संपादकास सांगावयास नको.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था परळ येथें १९५२ सालीं स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हें नांव बनलें. तेथें रणदिवेबाईंनीं ऊतिसंवर्धनाची शाळा उभारली. संवर्धनास लागणारे द्रव पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं येथेंच तयार केले. १९५८ सालीं सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांच्या नांवानें एक निबंध प्रसिद्ध झाला. कुष्ठरुग्णाच्या गांठींतून घेतलेला अंश त्यांनीं मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या गंडिकांच्या संवर्धनांत सोडला होता. जो जंतु मज्जातंतूंत राहतो त्यास मज्जापेशींचेंच घर द्यावें, हा तर्क खानोलकरांच्या पूर्वीच्या निरीक्षणावरून सरळ निघतो. त्या संवर्धनांतून एक जंतु वाढला.

वाचकांनीं येथें निबंधाचा मथळा लक्ष देऊन पाहावा. ‘कुष्ठजंतूचें संवर्धन’ असें त्यांत म्हटलेलें नाहीं. मानवी कुष्ठरोग्यापासून वेगळा काढलेला ‘एक आम्लस्थायी जंतु’, एवढेंच तेथें आहे. हा ‘एक’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. संशोधकांनीं आपल्या हातीं जें आलें त्याचें वर्णन केलें. त्यास मूळ संहितेचा दर्जा दिला तो मागाहून येणाऱ्या स्तुतिपाठकांनीं.

आणि तो दर्जा टिकणारा नव्हता. हॅन्सेननें १८७३ सालीं नॉर्वेंत कुष्ठजंतु पाहिला, तेव्हांपासून आजपर्यंत तो कृत्रिम अन्नावर कोणासहि वाढवितां आलेला नाहीं. उंदराच्या तळपायांत तो वाढतो हें १९६० सालीं, आणि आर्माडिल्लो नामक खवल्यांच्या प्राण्यांत वाढतो हें १९७१ सालीं सिद्ध झालें. एकाचे दोन होण्यास त्यास बारा-चौदा दिवस लागतात. २००१ सालीं त्याची समग्र जनुकसंहिता वाचली गेली तेव्हां या दुबळेपणाचें कारणहि कळलें. सुमारें १६०० जनुकें चालू, आणि ११०० हून अधिक निकामी. कसरीनें खाल्लेल्या पोथींत पानें तेवढीं राहावीं आणि अक्षरें जावीं, तशी ही अवस्था आहे. जगण्यास लागणारी पुष्कळशी सामग्री हा जंतु दुसऱ्याच्या घरांतून घेतो. परळचा जंतु मात्र अन्नावर वाढतो. पुढील तपासणींत तो क्षयजंतूंच्या गोत्रांतील ‘एव्हियम’ नामक गटांत पडतो असें ठरलें. (आमच्या गांवाच्या नांवांतील ‘वाण’ आणि जंतूंचा ‘वाण’ यांचा संबंध जुळविण्याचा मोह मीं कटाक्षानें टाळला आहे.)

मग हें सर्व व्यर्थ गेलें काय? येथेंच कथेस वळण लागतें. परळच्या वाणाची कांहीं अंगें कुष्ठजंतूशीं जुळतात, आणि म्हणून एकाची ओळख पटलेलें शरीर दुसऱ्यासहि ओळखतें. खरा कुष्ठजंतु हवा तर आर्माडिल्लो पोसावे लागतात. हा हवा तितका वाढवितां येतो. पाठ मूळचा नव्हता, म्हणूनच त्याच्या मनाजोग्या प्रती निघूं शकल्या. या वाणांतील ‘सी-४४’ या क्रमांकाचे जंतु गॅमा किरणांनीं मारून त्यांची लस डॉ. एम्. जी. देव, बापट आणि त्यांचे सहकारी यांनीं तयार केली. तमिळनाडूंत १९९१ पासून १,७१,००० हून अधिक लोकांवर चार लसींची तौलनिक परीक्षा झाली. तिचा निकाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. आयसीआरसी लसीनें मिळालेलें संरक्षण शेंकडा ६५.५, बीसीजी व मृत कुष्ठजंतु यांच्या मिश्रणाचें ६४, नुसत्या बीसीजीचें ३४.१, आणि दिल्लीकडील ‘एम्. डब्ल्यू.’ या लसीचें २५.७. असें असूनहि आयसीआरसी लस सार्वजनिक उपयोगांत आली नाहीं. १९८२ पासून बहुविध औषधांच्या एकत्रित उपचारानें रोग हटूं लागला होता. लसीची निकड मागें पडली, असें मला वाटतें.

तेव्हां लसीचे कर्ते कोण, याचें उत्तर देव, बापट आणि मंडळी असेंच द्यावें लागेल. रणदिवेबाईंचें श्रेय त्याच्या आधीचें आहे. ज्या नळींत तो जंतु प्रथम दिसला ती नळी या शहरांत चालूं करणें, ती निर्जंतुक राखणें, आणि त्यांतून जें निघालें त्यास अधिक मोठें नांव न देणें, हें तें श्रेय. १९६४ सालचें वाटूमल पारितोषिक त्यांस कुष्ठजंतूंवरील कामासाठींच मिळालें. कर्करोगावरील त्यांचें काम, १९८२ सालचें पद्मभूषण, आणि स्त्री-वैज्ञानिकांची त्यांनीं १९७३ सालीं उभारलेली संस्था यांविषयीं अन्यत्र पुष्कळ लिहिलें गेलें असल्यानें येथें विस्तार करीत नाहीं.

कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाहीं असें २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर जाहीर झालें. आमच्या डहाणू-तलासरी भागांतील पाड्यांवर नवे रुग्ण अद्यापि आढळतात, आणि अंगावरचा बधिर डाग पुष्कळ काळ लपवून ठेवला जातो. त्यामुळें या इतिहासाकडे केवळ कुतूहलानें पाहणें आम्हांस साधत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मोडी कागद रद्दींतून सोडविणारे आपण, गेल्या शतकाच्या प्रयोगवह्यांकडे मात्र फिरकत नाहीं. संवर्धनाच्या नळीवर कोणत्या दिवशीं कोणती चिठ्ठी लागली, हें त्या वह्यांतच असतें. छापील निबंधांत तें येत नाहीं. खानोलकर, रणदिवे किंवा बापट यांच्या हातच्या वह्या, पत्रें, उंदरांच्या वंशावळींचे तक्ते अथवा कांचपट्ट्यांच्या याद्या ज्यांच्या संग्रहीं किंवा माहितींत असतील, त्यांनीं मंडळाच्या चिटणीसांस कळवावें. नक्कल करून मूळ कागद परत पाठविण्याची हमी मंडळ घेईल.